राज्यभरातील दिवाणी विधी सहाय्य : वकील परिषद आणि वकील संघांची भूमिका

पोटगी, घराचा ताबा, वडिलोपार्जित जमिनीची वाटणी, अपघाताची भरपाई, थकलेले वेतन अशा प्रश्नांसाठी सामान्य माणसाला न्यायालयाची पायरी चढावी लागते. या वादांत कोणालाही तुरुंगवास होत नसला, तरी निकालावर संपूर्ण कुटुंबाचे छप्पर आणि उदरनिर्वाह अवलंबून असतो. ज्याच्याकडे वकिलाचे शुल्क देण्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी देशात विधी सेवा प्राधिकरणांची यंत्रणा उभी आहे. दाव्याचा मसुदा तयार करणे, तारखेला उभे राहणे, साक्षीदाराची उलटतपासणी घेणे ही कामे मात्र अखेर वकीलच करतात. त्यामुळे राज्याच्या कानाकोपऱ्यात विधी सहाय्य पोहोचते की नाही, हे मोठ्या प्रमाणात त्या राज्याची वकील परिषद आणि गावोगावचे वकील संघ यांच्या सहभागावर ठरते.

परिषद आणि संघ यांतील फरक

वकिलांच्या संघटनांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत अनेकदा होते. राज्य वकील परिषद, म्हणजेच बार कौन्सिल, ही अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये स्थापन झालेली वैधानिक संस्था आहे. वकिलीची सनद देणे, वकिलांची नामावली ठेवणे आणि गैरवर्तनाच्या तक्रारींची चौकशी करणे ही तिची प्रमुख कामे होत. महाराष्ट्र व गोव्यासाठी एकच परिषद असून दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे प्रदेशही तिच्याच कक्षेत येतात. वकील संघ, म्हणजेच बार असोसिएशन, ही त्या त्या न्यायालयात वकिली करणाऱ्यांची ऐच्छिक संघटना असते. उच्च न्यायालयापासून तालुक्याच्या दिवाणी न्यायालयापर्यंत असे संघ कार्यरत आहेत. परिषदेकडे कायद्याने दिलेले अधिकार असतात, तर संघाकडे स्थानिक ओळख आणि दररोजचा वावर असतो. विधी सहाय्याला या दोहोंची गरज भासते.

फौजदारी आणि दिवाणी हक्कांतील तफावत

फौजदारी खटल्यात निर्धन आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद २१ मधून मान्य केला. १९७८ मधील हॉस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य आणि १९७९ मधील हुसैनारा खातून या प्रकरणांतील निकाल त्या दृष्टीने पायाभूत मानले जातात. दिवाणी बाजूला मात्र हा हक्क मुख्यतः राज्य धोरणाचे निदेशक तत्त्व आणि संसदेने केलेला कायदा यांवर उभा आहे. ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला. आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणीही नागरिक न्यायाच्या संधीपासून वंचित राहू नये, यासाठी मोफत विधी सहाय्याची व्यवस्था करण्याचे दायित्व त्याने राज्यसंस्थेवर सोपवले.

त्यापूर्वी दिवाणी पक्षकाराचा आधार दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ३३ हाच होता. न्यायालयीन शुल्क भरण्याइतपत साधने नसलेल्या व्यक्तीला निर्धन म्हणून दावा दाखल करण्याची मुभा हा आदेश देतो. तथापि, केवळ शुल्कमाफी मिळाल्याने दावा चालवता येत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने वकील नसलेल्या निर्धन व्यक्तीसाठी न्यायालयाला वकील नेमण्याचा अधिकार मिळाला आणि ही उणीव काही अंशी भरून निघाली.

चळवळीचा मागोवा

भारतातील विधी सहाय्य चळवळीच्या आरंभाशी मुंबईचे नाव जोडलेले आहे. बॉम्बे लीगल एड सोसायटी ही संस्था १९२४ मध्ये मुंबईत स्थापन झाली. गरिबांना वकिलाची मदत मिळवून देणे हा तिचा हेतू होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर समिती नेमली. एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात विधी सहाय्याची स्वतंत्र चर्चा केली. १९७० च्या दशकात गुजरातमध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांची समिती आणि राष्ट्रीय पातळीवर न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांची समिती यांनी पुढील कायद्याची मांडणी केली. १९८० मध्ये विधी सहाय्य योजनांच्या अंमलबजावणीसाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली. संसदेने १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण अधिनियम संमत केला आणि ९ नोव्हेंबर १९९५ रोजी तो अमलात आला. त्यामुळे ९ नोव्हेंबर हा दिवस राष्ट्रीय विधी सेवा दिन म्हणून पाळला जातो.

या संपूर्ण वाटचालीत एक प्रश्न कायम राहिला. विधी सहाय्य हे वकिलांचे परोपकारी कार्य मानावे की शासनाने निधी पुरवून चालवावयाची सेवा? १९८७ च्या कायद्याने खर्चाचे आणि प्रशासनाचे दायित्व शासनाच्या निधीवर चालणाऱ्या व न्यायाधीशांच्या नेतृत्वाखालील प्राधिकरणांकडे दिले. प्रत्यक्ष कामाचा भार मात्र वकिलांवरच राहिला.

वकिलांवरील वैधानिक व नैतिक दायित्व

अधिवक्ता अधिनियमात १९७३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने गरिबांसाठी विधी सहाय्याचे आयोजन करणे हे राज्य वकील परिषद आणि भारतीय वकील परिषद या दोहोंचे कार्य ठरवले. त्यासाठी निधी उभारण्याची तरतूदही कायद्यात आहे. कलम ९-अ अन्वये परिषदेला किमान पाच आणि कमाल नऊ सदस्यांच्या एक किंवा अधिक विधी सहाय्य समित्या नेमता येतात.

भारतीय वकील परिषदेच्या व्यावसायिक आचारनियमांतील नियम ४६ प्रत्येक वकिलाला व्यक्तिशः लागू होतो. खरोखर गरज असलेल्या व्यक्तीला पुरेसे शुल्क देता आले नाही तरी ती कायदेशीर मदतीस पात्र आहे, याचे भान वकिलाने ठेवावे, असे हा नियम सांगतो. स्वतःच्या आर्थिक मर्यादेत राहून निर्धन व पीडितांना मोफत मदत करणे हे वकिलाचे समाजाप्रती सर्वोच्च दायित्वांपैकी एक असल्याचे त्यात नमूद आहे. विधी महाविद्यालयांतही परिषदेच्या २००८ च्या शिक्षणविषयक नियमांनुसार ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली विधी सहाय्य केंद्र चालवणे अपेक्षित आहे. अशा प्रकारे सनद मिळण्यापूर्वीच विद्यार्थ्याचा या कामाशी परिचय व्हावा, अशी ही रचना आहे.

राज्यापासून तालुक्यापर्यंतची रचना

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण देशपातळीवर धोरण आणि योजना ठरवते. राज्य प्राधिकरणाचे मुख्य आश्रयदाते उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असतात, तर कार्यकारी अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या विद्यमान किंवा निवृत्त न्यायमूर्तींकडे असते. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश आणि तालुका विधी सेवा समितीचे अध्यक्ष त्या समितीच्या कार्यक्षेत्रातील ज्येष्ठतम न्यायिक अधिकारी असतात. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यासाठी स्वतंत्र समित्या आहेत.

या साखळीची खरी कसोटी तालुक्याला लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी कौटुंबिक, कामगार, महसूल आणि अपघातविषयक कायद्यांचे जाणकार वकील मिळतात. दुर्गम तालुक्यात मोजकेच वकील सर्व प्रकारची कामे पाहतात. एका पक्षकाराचे वकीलपत्र घेतलेल्या वकिलाला विरुद्ध बाजूची मदत करता येत नसल्याने तेथे उपलब्ध नावे आणखी कमी होतात. अशा वेळी जिल्हा वकील संघातील अनुभवी सदस्यांनी तालुक्याला येण्याची तयारी दाखवली, तरच कायद्याने दिलेला हक्क कागदावरून न्यायालयात उतरतो.

सहाय्यास पात्र कोण

अधिनियमाच्या कलम १२ मध्ये पात्र व्यक्तींची यादी आहे. अनुसूचित जाती व जमातींचे सदस्य, महिला, बालके, दिव्यांग व्यक्ती, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीचे बळी, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती, तसेच सामूहिक आपत्ती, वांशिक हिंसाचार, जातीय अत्याचार, पूर, दुष्काळ, भूकंप किंवा औद्योगिक दुर्घटना यांनी बाधित झालेल्यांचा त्यात समावेश होतो. या गटांना उत्पन्नाची अट लागू नाही. महिलेचे किंवा तिच्या पतीचे उत्पन्न किती, हा प्रश्न त्यामुळे पात्रतेच्या आड येत नाही. इतरांसाठी राज्य सरकारने ठरवलेली वार्षिक उत्पन्नमर्यादा असते. महाराष्ट्रात ती ३ लाख रुपये, तर सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणांसाठी ५ लाख रुपये आहे. उत्पन्नाबाबत अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र सामान्यतः पुरेसे मानले जाते. मात्र, अर्जदाराच्या प्रकरणात सकृद्दर्शनी तथ्य असल्याबद्दल प्राधिकरणाचे समाधान व्हावे लागते.

दावा दाखल करणाऱ्याप्रमाणेच बचाव करणाऱ्यालाही हा हक्क आहे, ही बाब विशेष महत्त्वाची होय. दिवाणी दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत दाखल करावी लागते. न्यायालय सकारण मुदत वाढवू शकते, तथापि संहितेतील ही मर्यादा ९० दिवसांची आहे. घर रिकामे करून मागणाऱ्या दाव्यात हा काळ वकिलाच्या शोधातच निघून गेला, तर एकतर्फी हुकूमनामा होण्याचा धोका संभवतो. तो रद्द करून घेण्याच्या अर्जाला पुन्हा ३० दिवसांची मुदत असते. म्हणूनच दिवाणी सहाय्यात वकील मिळण्याइतकेच तो वेळेत मिळणे निर्णायक ठरते.

सहाय्याची व्याप्ती वकिलाच्या शुल्कापुरती मर्यादित नाही. न्यायालयीन शुल्क, समन्स बजावणीचा खर्च, प्रमाणित प्रती, कागदपत्रांचे भाषांतर आणि अपिलासाठीच्या छपाईचा खर्चही त्यात येतो. याखेरीज महाराष्ट्र सरकारने १९९४ च्या अधिसूचनेद्वारे पोटगी, मालमत्ता वाद, हिंसाचार आणि घटस्फोट यांविषयीच्या प्रकरणांत महिला पक्षकारांना न्यायालयीन शुल्कातून सूट दिली आहे.

पॅनेलवरील वकील

राष्ट्रीय प्राधिकरणाच्या २०१० मधील मोफत व सक्षम विधी सेवा विनियमांनी पॅनेलची पद्धत घालून दिली. किमान तीन वर्षे वकिलीचा अनुभव असलेले वकील त्यासाठी अर्ज करू शकतात. दिवाणी, फौजदारी, कामगार, वैवाहिक, पर्यावरण अशा विषयांनुसार स्वतंत्र याद्या करणे आणि ठरावीक काळाने पॅनेलची पुनर्रचना करणे अपेक्षित आहे. पॅनेलवरील वकिलाला प्राधिकरणाकडून ठरलेल्या दराने शुल्क मिळते. पक्षकाराकडून त्याने कोणत्याही स्वरूपात पैसे घेणे निषिद्ध आहे. सोपवलेल्या प्रकरणांच्या प्रगतीवर देखरेख समिती लक्ष ठेवते.

फौजदारी बाजूला २०२२ पासून विधी सहाय्य बचाव वकील योजना राबवली जात असून तिच्यात पूर्णवेळ वकिलांची नेमणूक होते. ही योजना फौजदारी प्रकरणांपुरतीच आहे. दिवाणी प्रकरणे आजही खासगी व्यवसाय सांभाळून काम करणाऱ्या पॅनेल वकिलांवर अवलंबून आहेत. परिणामी वकील संघांच्या सहकार्याचे महत्त्व दिवाणी क्षेत्रात अधिक आहे.

वकील संघांचा प्रत्यक्ष हातभार

‘तालुका विधी सेवा समिती व वकील संघ यांच्या संयुक्त विद्यमाने’ हे शब्द कायदेविषयक शिबिरांच्या वृत्तांतात नेहमी वाचावयास मिळतात. शिबिर हा या सहकार्याचा दृश्य भाग आहे. त्याखेरीजची कामे तुलनेने अप्रसिद्ध, परंतु अधिक मोलाची आहेत.

पहिले काम मनुष्यबळाचे. संघाच्या आवाहनामुळे अनुभवी वकिलांनी पॅनेलसाठी अर्ज केले, तर यादीचा दर्जा वाढतो. अन्यथा पॅनेल हे नवोदितांच्या उमेदवारीचे ठिकाण बनण्याचा संभव असतो. दुसरे काम मार्गदर्शनाचे. वाटणीच्या दाव्यात सर्व हिस्सेदारांना सामील करणे, मनाई हुकमाच्या अर्जाला पूरक कागद जोडणे, निकालानंतर अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करणे या गोष्टी पुस्तकापेक्षा ज्येष्ठांच्या हाताखाली लवकर आत्मसात होतात. पोटगीचा आदेश मिळूनही वसुली न झाल्यास त्या आदेशाचा उपयोग राहत नाही. त्यामुळे सहाय्य निकालावर न थांबता वसुलीपर्यंत चालणे आवश्यक असते.

तिसरे काम शिस्तीचे आहे. पॅनेलवरील वकिलाने पैसे मागितल्यास किंवा प्रकरणाकडे दुर्लक्ष केल्यास प्राधिकरणाकडे तक्रार करता येते आणि प्रकरण दुसऱ्या वकिलाकडे सोपवता येते. वर्तन व्यावसायिक गैरवर्तनाच्या कक्षेत येत असेल, तर राज्य वकील परिषद अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ अन्वये शिस्तभंगाची कारवाई करू शकते. चौथी बाब न्यायालयीन कामकाजावरील बहिष्काराची. वकिलांना संपाचा अधिकार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये कॅप्टन हरीश उप्पल प्रकरणात दिला. कामकाज ठप्प होते तेव्हा दुसरा वकील नेमण्याची किंवा पुन्हा प्रवासखर्च करण्याची ऐपत नसलेल्या पक्षकाराला त्याची सर्वाधिक झळ बसते.

लोकअदालतीतील वकील

लोकअदालतीच्या पॅनेलवर न्यायिक अधिकाऱ्यासोबत वकील, सामाजिक कार्यकर्ता किंवा दोघेही असतात. तेथे तडजोडीने झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासमान मानला जातो. त्याविरुद्ध अपील नसते आणि प्रलंबित दाव्यात भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. उच्च न्यायालयात रिट याचिकेद्वारे त्याला आव्हान देता येते, मात्र तेही अत्यंत मर्यादित कारणांवर, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये जालौर सिंग प्रकरणात स्पष्ट केले.

या अंतिमतेतच धोकाही दडलेला आहे. अपघातात कमावता माणूस गमावलेले कुटुंब रोख रकमेच्या निकडीपोटी अल्प भरपाई स्वीकारू शकते. अशा क्षणी देऊ केलेली रक्कम वाजवी आहे काय, याचा स्वतंत्र सल्ला देणारा वकील शेजारी असणे हे संरक्षण ठरते. सहीनंतर परतीचा मार्ग जवळपास बंद होत असल्याने हा सल्ला तडजोडीपूर्वी मिळणे गरजेचे असते.

निधीचा प्रश्न आणि अमेरिकेतील वेगळा मार्ग

भारतात राज्य विधी सहाय्य निधीत केंद्रीय प्राधिकरणाकडून मिळणारी रक्कम, राज्य सरकारची अनुदाने, देणग्या आणि न्यायालयीन आदेशाने जमा होणारी रक्कम यांचा समावेश होतो. निधीचा भार प्रामुख्याने सार्वजनिक तिजोरीवर असून वकील संघांचे योगदान मुख्यतः श्रमाच्या स्वरूपात असते.

अमेरिकेत चित्र निराळे आहे. तेथेही १९६३ च्या गिडियन निकालाने फौजदारी आरोपीला वकिलाचा हक्क दिला, परंतु दिवाणी पक्षकाराला तसा सर्वसाधारण घटनात्मक हक्क नाही. दिवाणी सहाय्यासाठी १९७४ च्या कायद्याने लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि ते स्थानिक संस्थांना अनुदान देते. त्याच्या जोडीला राज्यांच्या वकील संघटना व त्यांच्याशी संलग्न प्रतिष्ठाने निधी उभारतात. वकिलांकडे अशिलांची अल्प रकमेची किंवा अल्पकाळ राहणारी ठेव असते. ती एकत्रित खात्यात ठेवून तिचे व्याज विधी सहाय्य संस्थांना देण्याची योजना फ्लोरिडा राज्यात १९८१ मध्ये प्रथम सुरू झाली आणि पुढे सर्व राज्यांत पसरली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये पाच विरुद्ध चार अशा बहुमताने ही पद्धत वैध ठरवली. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांत प्रत्येक वकिलाने वर्षाकाठी किमान ५० तास विनाशुल्क सेवेची आकांक्षा बाळगावी, असे नमूद आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. व्याजदर घसरले की निधी आटतो. २००८ च्या आर्थिक संकटानंतर, मदतीची मागणी वाढत असतानाच, अनेक राज्यांतील संस्थांना त्याचा फटका बसला. अनुदानाचा आधार अंदाजपत्रकाशी आणि व्याजाचा आधार बाजाराशी बांधलेला असल्याने कोणताही एकच स्रोत पुरेसा ठरत नाही, हे या अनुभवातून दिसते.

परराज्यातील मराठी भाषकांसाठी

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद किंवा दिल्ली येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हीच राष्ट्रीय चौकट लागू आहे. अर्ज सामान्यतः प्रकरण जेथे चालते किंवा दाखल करावयाचे आहे, तेथील विधी सेवा संस्थेकडे करावा लागतो आणि उत्पन्नमर्यादाही त्या राज्याचीच लागते. वारसाहक्काचे फेरफार, सातबारा उतारे किंवा मृत्युपत्र मराठीत असून न्यायालयाची भाषा वेगळी असल्यास भाषांतराच्या खर्चाची मागणी अर्जातच नोंदवणे हितावह ठरते.

अर्ज कसा करावा

तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा कार्यालयात लेखी अर्ज देता येतो. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरूनही अर्ज करण्याची सोय आहे. लिहिता न येणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे कार्यालयात नोंदवून घेतले जाते. ओळखीचा पुरावा, पात्रतेच्या गटाचा दाखला किंवा उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र आणि प्रकरणाशी संबंधित कागद सोबत असावेत. समन्स किंवा नोटीस मिळाली असल्यास ती ज्या दिवशी हाती पडली, ती तारीख अर्जात ठळकपणे लिहावी, कारण मुदतीची गणना तेथून सुरू होते. अर्ज नामंजूर झाल्यास संस्थेच्या अध्यक्षांकडे दाद मागता येते. प्राथमिक माहितीसाठी १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक देशभर उपलब्ध आहे.